चिलखती लढतीत आवेश, ताबा आणि मजा: आधी काय, नंतर काय

मध्ययुगीन चिलखत चढवून छंद म्हणून लढणाऱ्यांत एक चूक पुन्हा पुन्हा दिसते. नवा लढवय्या आवेशापासून सुरुवात करतो. जोरात मारायला शिकतो, अंगावर धावून जायला शिकतो. ताबा सवयीने येईल असं धरून चालतो आणि मजा तर येणारच, असं समजतो. काही महिन्यांनी त्याच्यासमोर सरावाला उभं राहायला कुणी राजी नसतं, त्याचा स्वतःचा खांदा दुखत असतो आणि घरी जाताना तो शेवटची हार मनात घोळवत असतो. दुसऱ्या टोकाची माणसंही असतात. समोरच्याला लागेल या धास्तीने ती हात आखडता घेतात. त्यात समोरच्याचं भलं होत नाही, कारण अर्धवट वार लागला की नुसता घासून गेला हेच त्याला कळत नाही.

या तिन्ही गोष्टी एकदम शिकता येत नाहीत, त्यांना क्रम आहे. आधी चिलखत अंगाला बसलं पाहिजे, मग हात आवरता आला पाहिजे, मग लागलेला वार कबूल करता आला पाहिजे. आवेश सगळ्यात शेवटी चढवायचा. मजा ही यातली वेगळी पायरी नाही. ती मीटरच्या काट्यासारखी वापरायची: काटा खाली आला की मागच्या कुठल्या तरी पायरीत खोट आहे.

## १. कुठल्या नियमांनी लढताय ते आधी पक्कं करा

‘चिलखती लढत’ या एका नावाखाली निरनिराळे खेळ मोडतात आणि प्रत्येकात जोराचा अर्थ वेगळा आहे. सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अॅनाक्रॉनिझम, म्हणजे एससीए, ही संस्था १९६६ पासून आहे. तिच्या जड चिलखती लढतीत तलवार वेताची असते, जाडी किमान सव्वा इंच. तिथे वार लागू झाला, म्हणजे मोजण्याइतका नीट बसला, की नाही हे ज्याला लागला तोच सांगतो. मार्शल, म्हणजे मैदानावर देखरेख करणारा, सुरक्षितता बघतो, निकाल देत नाही. अंगात प्रत्यक्ष काहीही असलं तरी प्रत्येकाने कड्यांचं चिलखत, त्याखाली गादीचा अंगरखा, हातापायांवर कडक चामडं आणि चेहरा उघडा ठेवणारं, नाकावर पट्टी असलेलं लोखंडी शिरस्त्राण घातलंय, असं मानून वार तोलला जातो. म्हणूनच चेहऱ्यावरची भोसक बरीच हलकी असली तरी लागू धरतात.

बुहर्ट हा दुसरा खेळ. त्यात हत्यार बोथट पोलादाचं असतं. गटाच्या लढतीत दोन पावलांखेरीज अंगाचा तिसरा भाग जमिनीला टेकला की माणूस बाद होतो. तिथे वाराचा उपयोग तोल घालवण्यासाठी, आणि धक्का, पकड, आडवं पाडणं हे खेळातच धरलेलं आहे. पंच बाहेरून निर्णय देतात आणि नियम मोडला की कार्ड दाखवतात.

घोटाळा होतो तो एका खेळाची सवय दुसऱ्यात नेल्यावर. बुहर्टमधून आलेला माणूस वेताच्या लढतीत ढालीने चेपत सुटतो आणि लागलेले वार मोजायचं विसरतो. वेताच्या खेळातून बुहर्टला गेलेला माणूस चांगला वार बसला की क्षणभर थांबतो, आणि त्याच क्षणी आडवा होतो.

तपासणी: नियमपुस्तक न उघडता पाच प्रश्नांची उत्तरं सांगता यायला हवीत. कुठे मारायची मनाई आहे? वार लागू झाला हे कोण ठरवतं? थांबायचा शब्द कोणता? पडलेल्या माणसाशी कसं वागायचं? पाठीमागून वार चालतो का, आणि चालत असेल तर कुठे? एससीए किंवा बुहर्ट असं नुसतं नाव माहीत असून भागत नाही, कारण स्थानिक गट आपले जादा नियम लावतात. एकाही प्रश्नावर अडखळलात तर त्या दिवशी शिरस्त्राण चढवू नका.

## २. चिलखत असं बसवा की अंगाला भीती उरणार नाही

ताब्याच्या लेखात चिलखताचं काय काम, असं वाटेल. पण डोकं फिरण्याची निम्मी कारणं सामानातच असतात. शिरस्त्राण डोळ्यांवर घसरत असेल, कोपर उघडं पडत असेल, श्वास कोंडत असेल तर अंग आतून घाबरलेलं राहतं. घाबरलेलं अंग आंधळेपणाने जोरात मारतं.

पुढचा क्रम सोडू नका.

आधी शिरस्त्राण. हनुवटीचा पट्टा आवळा आणि मान झटक्याने डावीकडे-उजवीकडे फिरवा. डोकं आणि शिरस्त्राण एकत्रच फिरलं पाहिजे. आधी डोकं आणि मागून शिरस्त्राण असं होत असेल तर आतली गादी कमी आहे. डोक्याचा जो जो भाग पोलादाला टेकू शकतो तिथे दाट फोम हवा, साधारण अर्धा इंच जाडीचा. घामाने आणि वारांनी फोम चेपतो, तेव्हा तो अंगठ्याने दाबून बघा. दाबलेला खळगा लगेच भरून येत नसेल तर तो तुकडा बदला. चेहऱ्याच्या जाळीतून एक इंच जाडीची काठी कुठूनही आत जाता कामा नये.

मग गळा, मूत्रपिंडं, जांघ, कोपर, गुडघे, हात. हातांकडे खास लक्ष द्या. बोटं एकदा सडकून निघाली की माणूस पुढच्या दहा लढती बोटं वाचवत लढतो, आणि ती अस्वस्थता जोरातून बाहेर पडते.

शेवटी पट्टे आणि बकलं. सगळं चढवून वीस उठाबशा काढा, दहा वेळा हात डोक्यावर न्या, पाच पावलं पळा, आणि जे सरकलं ते बांधा. बुहर्टचं पूर्ण पोलादी चिलखत २५ ते ३५ किलोंपर्यंत जातं. ते कमरेवर आणि खांद्यांवर वाटलं गेलेलं नसेल तर दुसऱ्याच डावात खांदे भरून येतात आणि तलवार नुसती गदेसारखी फिरू लागते.

इशारा: नव्या चिलखतात पहिल्याच दिवशी जोराची लढत नको. दोन सराव नुसते चालण्यात आणि संथ हालचालीत काढा.

## ३. खांबावर हाताला तीन पायऱ्या शिकवा

जमिनीत पक्का रोवलेला, दोर किंवा जुनं टायर गुंडाळलेला खांब हवा. खांबाला दुखत नाही, म्हणून बहुतेक लोक त्याच्यावर नुसता जोर काढतात. त्यातून ताकद येते, पण ताब्याची सवय मोडते. जोराच्या तीन पायऱ्या ठरवा.

पहिली पायरी म्हणजे स्पर्श. तलवार पूर्ण वेगाने निघते आणि खांबाला टेकताना थांबते. दुसरी सरावाची: चिलखताआडून समोरच्याला स्वच्छ कळेल, पण तो डगमगणार नाही. तिसरी लढतीची, त्या त्या खेळात लागू होणारा पुरता वार. चौथी पायरी नाही. चौथ्या पायरीला आपण वचपा म्हणतो.

आधी प्रत्येक पायरीचे दहा वार वेगवेगळे मारा. मग साथीदाराला मागे उभं करा आणि त्याला आकडे पुकारू द्या: दोन, एक, तीन, एक, तीन, तीन, एक. खरी परीक्षा तीननंतरच्या एकमध्ये आहे. तीनचा वार खांद्यातून आणि कमरेतून येतो, त्यानंतर अंग तापलेलं असतं आणि पुढचा ‘एक’ हटकून ‘दोन’ होऊन बसतो. हा एक जोपर्यंत एकच राहत नाही, तोपर्यंत माणसासमोर उभं राहू नका. दोन आठवडे लागोत की दोन महिने, घाई करू नका.

मग थांबण्याचा सराव करा. तुम्ही तीनचा वार सोडलाय आणि तलवार निम्म्या वाटेवर आहे, तेवढ्यात साथीदार ‘होल्ड’, म्हणजे ‘थांबा’, ओरडतो. तलवार खांबाला लागता कामा नये. इथे मूठ आवळून थांबवायला गेलात तर मनगट दुखावेल. कोपर अंगाकडे ओढा, गुडघे वाकवा, म्हणजे जोर पायांत उतरतो.

नेहमीची चूक: दमल्यावर सराव थांबवणं. लढतीत ताबा सुटतो तो दमल्यावरच. म्हणून शेवटची पाच मिनिटं मुद्दाम धाप लागलेली असताना आकड्यांचा खेळ खेळा, फक्त तीनचा आकडा वगळून.

## ४. लागलेला वार कबूल करायला शिका

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आहे आणि लोक तिला शिष्टाचार समजून सोडून देतात. वार कबूल करणं हे कौशल्य आहे, आणि इतर कौशल्यांसारखाच त्याचा सराव करावा लागतो.

कारण असं. लढत सुरू झाली की अंगात ॲड्रेनॅलिन वाढतं. वेदना बोथट होते, नजर समोरच्या एका ठिपक्यावर आकसते, आवाज लांबून आल्यासारखे वाटतात. जो वार निवांत उभं असताना खणखणीत वाटला असता, तोच तिसऱ्या लढतीत कुणी खांद्यावर थोपटल्यासारखा वाटतो. तुम्ही लबाडी करत नसता, तुम्हाला खरोखरच कळलेलं नसतं. समोरच्याला मात्र आपला चांगला वार वाया गेलेला दिसतो. पुढचा तो थोडा जोरात मारतो. तोही तुम्हाला कळत नाही, मग त्याच्या पुढचा आणखी जोरात येतो, आणि तो मात्र तुम्हाला जिव्हारी लागतो. आता तुम्ही चिडता. दोघंही प्रामाणिक असतात आणि दोघांनाही समोरचा दांडगट वाटत असतो.

एका सरावात मी मार्शल म्हणून उभा होतो. ढालवाल्याच्या डाव्या मांडीवर एक वार बसला, तो लढत राहिला. दुसरा बसला, तरी लढत राहिला. तिसऱ्या वाराला मारणाऱ्याने पाय रोवून अख्खी कंबर फिरवली, तेव्हा मी ‘होल्ड’ पुकारलं. ढालवाला रागाने थरथरत होता, ‘हा मला मोडायला निघालाय’ म्हणत होता. आम्ही त्याचं मांडीचं चिलखत सोडलं. वरचा पट्टा निसटून पत्रा बाहेरच्या अंगाला फिरला होता आणि आतला फोम दुमडून नेमका वार बसत होता तिथेच त्याची दुहेरी घडी झाली होती. पहिले दोन वार त्याच्यापर्यंत पोचलेच नव्हते. पट्ट्याला नवं भोक पाडलं, फोम सरळ केला, आणि त्याच दोघांनी पुढचा अर्धा तास हसतखेळत लढून काढला. तेव्हापासून पारा चढलेला माणूस दिसला की मी आधी त्याचे पट्टे बघतो.

### सराव कसा करायचा

प्रत्येक सरावाच्या सुरुवातीला पूर्ण चिलखतात स्थिर उभे राहा. ज्याच्या हातावर तुमचा विश्वास आहे अशा साथीदाराला लागू होण्याइतपत वार घालायला सांगा: शिरस्त्राणावर एक, खांद्यावर दोन, बरगड्यांवर दोन, मांडीवर दोन. डोक्याचा एकच पुरे, तो उगाच वाढवू नका. मापाचा वार कसा लागतो हे अंगाला आधी कळू द्या. त्यात चार मिनिटं जातात आणि पुढची भांडणं वाचतात.

मग वेदनेखेरीज तीन खुणा ओळखायला शिका. एक आवाज: नीट बसलेला वार ‘ठक्’ असा एकच आणि भरीव वाजतो, घसरलेला खरवडत जातो, ढालीला लागून आलेला दोनदा वाजतो. दुसरी, अंगाची हालचाल: तुमचं डोकं किंवा खांदा तुम्ही न हलवता हलला का? तिसरी, वाट: तलवार ज्या बाजूने निघाली होती तिथून ती तुमच्या अंगावर येऊन थांबली, की पुढे निघून गेली? तीनपैकी दोन खुणा मिळाल्या की वार कबूल. वेदना झाली नसली तरी कबूल.

वेताच्या लढतीत हाताला किंवा पायाला वार लागला की तो अवयव गेला असं मानून लढायचं असतं. पाय गेला की गुडघ्यांवर बसून, हात गेला की तो पाठीमागे धरून. ही कबुली त्याच क्षणी द्या. विचार करत आणखी दोन वार घालून मग ‘हो, बहुतेक लागला होता’ म्हणणं अत्यंत वाईट सवय आहे.

इशारा: आपला वार लागू झाला असं समोरच्याला कधीही सुनावू नका. उलट माहिती मात्र अवश्य द्या: ‘माझं पातं आडवं बसलं’, ‘आधी ढालीला लागला’. याने तुमचं नुकसान होतं असं वाटतं, पण असं दोनदा सांगणाऱ्याचा तिसरा वार समोरचा बिनशर्त मानतो.

अतिकबुलीही चूकच. भीतीपोटी प्रत्येक स्पर्शाला पडणारा माणूस साथीदाराचा हात बिघडवतो. शंका आली तर कबूल, पण खात्रीने हलका असेल तर ‘हलका’ असं मोठ्याने म्हणा आणि लढा.

## ५. संथ लढत

आता माणूस समोर घ्या. निम्मा वेग, जोराची पहिली पायरी. सुरू करण्याआधी दोघांनी तीन वाक्यांत ठरवून घ्या: किती वेग, किती जोर, कुठे दुखापत आहे. ‘माझा उजवा अंगठा सुजलाय’ हे लढतीनंतर सांगून उपयोग नाही.

संथ लढतीत फसगत एकाच ठिकाणी होते. वार आपल्याकडे येताना दिसला की माणूस बचावाचा वेग हळूच वाढवतो, मग समोरचाही वाढवतो, आणि दोन मिनिटांत पुरती लढत सुरू झालेली असते. उपाय साधा आहे. वेग वाढलेला ज्याला आधी जाणवेल त्याने थांबून ‘वेग’ एवढंच म्हणायचं, कुणी वाढवला याची चर्चा करायची नाही. ज्या जोडीत हा शब्द न लाजता उच्चारला जातो, ती जोडी लवकर पुढे जाते.

## ६. आवेश चढवा

आवेश म्हणजे जोर, ही गल्लत इथे मोडायची आहे. आक्रमक लढवय्या बघा: तो अंतर आधी कापतो, पहिला वार त्याचा असतो, आणि एक वार अडला तरी दुसरा त्याच्या मागोमाग निघालेला असतो. समोरच्याला विचार करायला वेळ मिळत नाही, हाच त्याचा दबाव. जोर तोच असतो, तिसऱ्या पायरीचा.

म्हणून आवेशाचा सराव जोराच्या दुसऱ्या पायरीवर करायचा. वीस सेकंदांचा डाव लावा. तुम्ही सतत पुढे जायचं, तलवार थांबू द्यायची नाही. साथीदाराने फक्त बचाव करायचा आणि मागे सरकायचं. तिसरा माणूस मनाला येईल तेव्हा ‘होल्ड’ पुकारेल. पुकारा झाला की पावलंही जागच्या जागी थांबली पाहिजेत.

आणि लगेच तो तिसरा माणूस विचारतो: तुझ्या डाव्या हाताला कोण उभं होतं? शेवटचा वार कुठे लागला? साथीदाराची ढाल वर होती की खाली?

उत्तरं देता आली तर आवेश तुमच्या ताब्यात आहे. सगळं धूसर असेल तर तुम्हाला चेव चढला होता. चेवात माणूस शूर दिसतो, पण त्याला दिसत काहीच नसतं. सलग तीन डावांत उत्तरं बरोबर आली की तिसऱ्या पायरीच्या जोराने हाच डाव करा.

हात आखडणाऱ्यांसाठीही हाच डाव आहे, फक्त साथीदार बदला. तुमच्याहून दणकट, अनुभवी, चांगल्या चिलखतातला माणूस समोर घ्या आणि त्यानेच तुम्हाला प्रत्येक वारानंतर ‘हलका’, ‘पुरेसा’, ‘जास्त’ असं सांगू द्या. पहिल्यांदा ‘पुरेसा’ ऐकू येतो तेव्हा या लोकांचा चेहरा बघण्यासारखा असतो. त्यांना वाटत होतं त्याच्या निम्म्यानेसुद्धा समोरच्याला दुखत नाही, हे त्यांना तेव्हा कळतं. दुसऱ्याची काळजी घेणारी ही माणसं एकदा मोकळी झाली की उत्तम साथीदार होतात, त्यांना घालवू नका.

नेहमीची चूक: आवेश यावा म्हणून मुद्दाम राग आणणं, जुना अपमान आठवणं, समोरच्याला मनात शत्रू ठरवणं. हे एकदा उपयोगी पडतं, पण नंतर रागाशिवाय हातच चालेनासा होतो.

## ७. लढतीआधीची दहा मिनिटं

हा वेळ बहुतेक जण गप्पांत किंवा निकालाच्या चिंतेत घालवतात. मी असं करतो. आधी पाणी. मग दुसऱ्या माणसाकडून पाठीमागचे पट्टे तपासून घेणं, कारण ते स्वतःला दिसत नाहीत. मग शिरस्त्राण हातात असतानाच समोरच्याला भेटणं, डोळ्यांत बघून नाव घेणं. जाळीआड गेल्यावर माणूस नुसता पुतळा दिसतो आणि पुतळ्याला मारताना हात सैल सुटतो. चेहरा लक्षात राहिला तर हात आपोआप मापात राहतो.

मग श्वास: चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, पाच वेळा. शेवटी एकच उद्दिष्ट, तेही आपल्या हातातलं. ‘जिंकायचं’ हे आपल्या हातात नाही. ‘पहिलं पाऊल माझं’ किंवा ‘ढाल खाली येऊ द्यायची नाही’ हे आहे.

## ८. लढत चालू असताना

ताबा सुटण्याआधी अंग निरोप देतं. मूठ गरजेपेक्षा आवळली जाते. श्वास रोखला जातो. तोच वार त्याच जागी तिसऱ्यांदा निघतो. मनात मागच्या वाराचा हिशेब सुरू होतो. यातली शेवटची खूण सर्वांत घातक आहे, कारण मागचा वार आठवत असताना येणारा वार दिसत नाही.

काय करायचं? टप्प्यात असताना काहीच नाही, फक्त ढाल वर. दोन पावलं मागे सरून टप्प्याबाहेर गेलात की एक लांब श्वास सोडा, मूठ क्षणभर ढिली करून पुन्हा धरा आणि समोरच्याच्या तलवारीऐवजी त्याच्या छातीकडे बघा, म्हणजे नजर रुंदावते. एवढ्याने भागलं नाही तर मार्शलकडून थोडा वेळ मागून घ्या. तेही एकाच लढतीत दोनदा करावं लागलं तर लढत सोडा. त्यात काही कमीपणा नाही. रागात लढून जिंकलेली लढत तुमच्या साथीदाराच्या बरगड्यांना आठवत राहते.

चिडचिड अचानक आणि विनाकारण वाढली असेल तर आधी उष्णतेचा संशय घ्या. बंद चिलखतात अंग झपाट्याने तापतं, आणि चिडखोरपणा, डोकेदुखी, मळमळ ही त्याची सुरुवातीची लक्षणं असू शकतात. शिरस्त्राण काढा, सावलीत बसा, पाणी प्या.

इशारा: माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा भेलकांडू लागला तर हा उष्माघात असू शकतो. ताबडतोब चिलखत उतरवा, पट्टे कापावे लागले तरी कापा, अंगावर गार पाणी ओता आणि वैद्यकीय मदत बोलवा. तो ‘मी ठीक आहे’ म्हणाला तरी थांबू नका.

समोर नवखा किंवा किरकोळ अंगाचा माणूस असेल तर जोर दुसऱ्या पायरीवर आणा आणि डावपेच कमी करा. कबुली मात्र तीच ठेवा. न लागलेल्या वाराला मुद्दाम पडलात तर तो काय शिकणार? आणि खोटी दया त्याला कळते.

## ९. गटाच्या लढतीत

इथे वरचं सगळं अवघड होतं, कारण वार कुणाचा आणि कुठून आला हेच दिसत नाही. म्हणून वेताच्या गटलढतीत कबुलीचं माप आणखी मोकळं ठेवा. शंका आली की हत्यार डोक्यावर धरून मोठ्याने ‘मेलो’ म्हणा आणि बाहेर चालू लागा. हत्यार डोक्यावर धरलं की इतरांना तुम्ही बाद आहात हे दिसतं आणि वाटेत फटका बसत नाही.

रांगेत असताना तुमचा आवेश शेजाऱ्याच्या पावलांना बांधलेला हवा. एकटाच पुढे घुसलेला माणूस स्वतः पडतो, आणि त्याच्या जागी पडलेल्या खिंडारातून शेजारीही पडतो. ज्याला तुमची चाहूलच नाही अशा माणसावर वार टाकण्याआधी नियम आठवा. एससीएत अशा बेसावध माणसावर वार चालत नाही. बुहर्टमध्ये मागून भिडता येतं, पण मानेची मागची बाजू आणि गुडघ्याची मागची बाजू वर्ज्य आहे. बाद होऊन पडलेल्या माणसाला दोन्हीकडे हात लावायचा नाही. त्याच्यावर पाय पडणार असेल तर धावणं सोडा, संधी गेली तरी चालेल.

## १०. शिरस्त्राण उतरवल्यावर

पहिली पाच मिनिटं निकालावर बोलू नका. अंगातलं ॲड्रेनॅलिन उतरायला वेळ लागतो आणि त्या तापात बोललेलं वाक्य वर्षभर लक्षात राहतं. पाणी प्या, मग समोरच्याकडे जा आणि त्याचा एक नेमका वार किंवा बचाव आठवून सांगा. ‘छान लढलास’ याला अर्थ नाही. ‘माझी ढाल उजवीकडे ओढून तू पायावर मारलंस, मला दिसलंच नाही’ याला आहे. तक्रार असेल तर तीही तितकीच नेमकी करा: कुठला वार, कुठे, किती. स्वभावावर घसरू नका.

डोक्यावर जबर वार बसला असेल आणि त्यानंतर डोकेदुखी, गरगरणं, मळमळ, उजेड सहन न होणं, विसरणं किंवा सुचेनासं होणं यातलं एकही लक्षण दिसलं, तर त्या दिवशी पुन्हा लढायचं नाही. यात मध्यममार्ग नाही. डॉक्टरांना दाखवा, पहिले २४ ते ४८ तास विश्रांती घ्या आणि खेळाकडे टप्प्याटप्प्यानेच परता. क्रीडावैद्यकात त्यासाठी सहा टप्प्यांची पद्धत रूढ आहे, प्रत्येक टप्प्याला किमान २४ तास, आणि लक्षणं उलटली की एक टप्पा मागे. उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झापड किंवा हातापायांत अशक्तपणा असेल तर थेट रुग्णालय गाठा.

## ११. मजेचा काटा वहीत उतरवा

सरावानंतर त्याच रात्री वहीत तीन ओळी लिहा. आज कुठल्या क्षणी मनापासून हसलो किंवा ‘वा!’ निघालं? कुठल्या क्षणी पारा चढला? कबूल करायला हवा होता असा एखादा वार राहिला का?

पहिल्या ओळीत समोरच्याचा एखादा डाव येऊ लागला, म्हणजे आपण हरलो तोच डाव आनंदाने लिहिला गेला, की तुमचं बरं चाललंय. दुसऱ्या ओळीत सतत एकाच माणसाचं नाव येत असेल तर त्याच्याशी काही दिवस फक्त संथ लढत करा. संथ लढतीआधीची ती तीन वाक्यं पुन्हा बोला आणि एकमेकांना मापाचे वार घालून बघा. बहुतेक वेळा कुठेतरी पट्टा सरकलेला किंवा माप चुकलेलं निघतं.

तिसरी ओळ तुमच्याखेरीज कुणी तपासू शकत नाही. तिथे काही आलं तर पुढच्या सरावाला त्या माणसाला गाठून सांगा: ‘मागच्या वेळचा तुझा खांद्यावरचा वार लागू होता, मी घेतला नाही.’ उशिरा सांगितलेलंही चालतं.

पहिली ओळ सलग तीन सराव कोरी राहिली तर चिलखत पुसून, तेल लावून दोन आठवडे बाजूला ठेवा. तेवढे दिवस फक्त खांब, आकडे पुकारणारा साथीदार आणि तीननंतरचा एक.